थुकरटवाडीचा पाहुणा

(अहिल्यानगर येथे झालेल्या कुटुंबमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी आजच्या मेळाव्यासाठी 'घराघरांतील विनोद' हा विषय सुचविला, तेव्हा काही कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी उमटली असणार, याची मला कल्पना आहे. शेती, पाणी, शिक्षण, कुटुंबव्यवस्था असे इतके प्रश्न समोर उभे असताना छोट्या पडद्यावरील हास्यकार्यक्रमावर तासभर काय बोलावयाचे, अशी शंका कोणासही येईल. परंतु ज्या एका गोष्टीसमोर आजोबा, सून आणि शाळकरी नातू वर्षानुवर्षे एकत्र बसतात, ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावी? प्रवचनाला घरातील एक जण जातो, व्याख्यानाला दोन जण जातात. रात्री साडेनऊला लागणाऱ्या विनोदी कार्यक्रमासमोर सारे घर बसते. आपण कोणाला पाहून हसावे आणि कोणाला पाहून हसू नये, याचे धडे त्या तासाभरात नकळत गिरविले जातात. म्हणून या विषयाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

चर्चेसाठी मी एकच कार्यक्रम घेतो, कारण तो आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. झी मराठी वाहिनीवर ऑगस्ट २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झाला आणि त्याचे पहिले पर्व मार्च २०२४ पर्यंत चालले. साडेनऊ वर्षे! मराठी विनोदी कार्यक्रमाला एवढे आयुष्य क्वचितच लाभते. शिक्षणाने आयुर्वेदाचे डॉक्टर असलेले नीलेश साबळे त्याचे लेखक, दिग्दर्शक आणि सूत्रसंचालक होते. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही नावे महाराष्ट्राच्या घराघरांत नातलगांसारखी झाली. गावाचे नाव ठेवले होते थुकरटवाडी. त्या काल्पनिक गावात दर आठवड्याला कोणी नामवंत पाहुणा येई; नवा चित्रपट, नवे नाटक किंवा नवी मालिका घेऊन येई. मग त्या पाहुण्यासमोर मंडळी स्किट सादर करीत, बहुधा त्याच्याच गाजलेल्या चित्रपटाचे विडंबन.

आरंभी मराठी कलावंत आले. पुढे शाहरुख खान आणि सलमान खान यांच्यासारखे हिंदीतील मोठे तारेही आले. मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटला आणि तो वाटणे स्वाभाविक होते. एके काळी हिंदी चित्रपटांत मराठी माणूस म्हणजे घरातील गडी, मोलकरीण किंवा फार तर हवालदार. त्या हिंदी चित्रपटाचा नायक मराठीच्या अंगणात येऊन चार वाक्ये मराठीत बोलण्याचा प्रयत्न करतो, हे दृश्य सुखावणारे होते. महाराष्ट्राची बाजारपेठ मोठी आहे आणि तिच्यापर्यंत पोहोचावयाचे तर मराठीच्या दारातून जावे लागते, हे मुंबईतील निर्मात्यांना त्या काळात उमगले. हा मराठीचाच सन्मान होता. तो मान्य करूनच मी पुढचा प्रश्न विचारतो: हा पाहुणा थुकरटवाडीत आल्यावर बसला कोठे?

प्रश्न साधा वाटतो. परंतु माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली येथेच आहे.

नामवंत पाहुण्याला बोलावून त्याच्याभोवती प्रहसने गुंफण्याची पद्धत दूरचित्रवाणीवर रूढ केली ती अमेरिकेतील 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमाने. तो ११ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाला आणि आजही चालू आहे. जॉर्ज कार्लिन हा विनोदकार त्याचा पहिला पाहुणा सूत्रधार होता. तेथील रीत अशी की, पाहुणा नट असो, गायक असो वा खेळाडू असो, त्याने आठवडाभर त्या कंपूबरोबर तालीम करावयाची, प्रेक्षकांसमोर प्रारंभीचे निवेदन करावयाचे आणि नंतर प्रहसनांत स्वतः सोंग घ्यावयाचे. तेथील सारा विनोद आपल्या रुचीला मानवेल असे नाही, आणि त्याचे अनुकरण करावे असे मी म्हणत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. तेथे पाहुणा मंडळींत मिसळतो. त्याला नाक लाल करावे लागते, कधी स्वतःच्याच प्रतिमेची टिंगल करावी लागते.

थुकरटवाडीत बहुतेक वेळा पाहुणा मंचाच्या एका बाजूला मऊ आसनावर बसे. कलावंत समोर धडपडत, लोळत, साडी नेसून नाचत. पाहुणा हसत हसत मागे रेले आणि कॅमेरा पुनःपुन्हा त्याच्या हसण्याकडे वळे. तो हसला म्हणजे विनोद उत्तम, असा संकेतच तयार झाला. आपण घरी बसून कलावंतांकडे पाहून हसत होतो की पाहुण्याला हसताना पाहून हसत होतो, याचा प्रत्येकाने विचार करावा. दरबार भरला आहे, सरकार लोडाला टेकून बसले आहेत आणि समोर कलावंत बिदागीच्या आशेने खेळ करीत आहेत, असे ते चित्र होते.

आता दरबार आपल्याला नवा नाही. पण आपल्या दरबारातील विदूषक कसा होता, हे आठवून पाहा. संस्कृत नाटकांत राजाच्या खांद्याला खांदा लावून चालणारा आणि 'मित्रा' म्हणून त्याला हाक मारणारा एकच मनुष्य असतो, तो विदूषक. 'शाकुंतला'तील माढव्य दुष्यंताच्या मृगयेच्या हौसेला नावे ठेवतो आणि राजा ते ऐकून घेतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील मैत्रेय तर याहून मोठा. चारुदत्ताची संपत्ती गेली, आश्रित पांगले, मित्रांनी पाठ फिरविली. मैत्रेय मात्र त्याला सोडून गेला नाही. श्रीमंताच्या घरी हसविणारे पुष्कळ मिळतात. दरिद्री मित्राच्या घरी राहून त्याचे दुःख हलके करणारा विदूषक आपल्या परंपरेने श्रेष्ठ मानला. विदूषकाचा धर्म हा असा आहे: वर बसलेल्याला टोचावयाचे आणि खाली पडलेल्याला हात द्यावयाचा.

हाच धर्म आपल्या लोककलांनीही सांभाळला. तमाशात गण होतो, मग गवळण, बतावणी आणि वग. गवळणीतील मावशी आणि पेंद्या साक्षात भगवान श्रीकृष्णाशी हुज्जत घालतात. वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो. परंतु प्रेक्षक ज्याची वाट पाहतात तो सोंगाड्या. तो राजाच्या कारभाराची अशी काही वासलात लावतो की, समोर बसलेल्या गावच्या पाटलालाही आपल्या मिशा चाचपाव्या लागतात. वसंत सबनीसांनी याच मुशीतून 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिले. १९६५ पासून दादा कोंडके ते गाजवू लागले, तेव्हा त्यातील हशा राजाच्या आणि कोतवालाच्या अंगावर पडत असे आणि रंगलेल्या प्रयोगात ताज्या राजकारणावरील टोले आयत्या वेळी मिसळले जात. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांतून हेच केले. जोशी, गोंधळी, वासुदेव अशी सोंगे घेऊन त्यांनी लोकांना हसविले आणि त्या हसण्याच्या पोटी दंभाचे पोट फाडले. पैठण आपल्या शेवगाव तालुक्याच्या हद्दीला लागूनच आहे. भारुड हे आपल्या शेजारघरचे धन आहे.

आपल्या जिल्ह्याकडेच पाहा ना. नगर म्हटले की, सहकार, साखर कारखाने आणि दुष्काळ एवढेच बाहेरच्यांना आठवते. पण संगमनेर हे तमाशाच्या इतिहासातील मोठे नाव आहे. कांताबाई सातारकरांनी आयुष्याचा दीर्घ काळ तेथे काढला. पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याची परंपरा आपल्याला ठाऊक आहे. कांताबाईंनी उलट दिशेने जाऊन वगांत पुरुष भूमिका केल्या आणि प्रेक्षकांकडून त्यांना दाद मिळविली. मे २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी सोंगाड्याची परंपरा पुढे चालविली. आता तुलना करा. कांताबाई पुरुषवेषात उभ्या राहिल्या तेव्हा प्रेक्षकाने त्या भूमिकेचा रुबाब पाहिला. आज पडद्यावर पुरुष साडी नेसून येतो, तेव्हा पुष्कळदा केवळ साडी नेसली हाच विनोद असतो. गवळणीतील मावशीही पुरुषच साकारीत. परंतु मावशीला बुद्धी होती, जीभ होती, कृष्णाला निरुत्तर करण्याची हिंमत होती. साडीच्या आतील व्यक्ती हरवली आणि नुसती साडी उरली, की विनोदाची पातळी खाली येते.

याच नगर शहरातील महाविद्यालयात प्रा. मधुकर तोरडमल इंग्रजी शिकवीत होते. पुढे ते पूर्णवेळ रंगभूमीवर गेले आणि 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' या त्यांच्या नाटकाने महाराष्ट्राला वेड लावले. त्यातील प्रा. बारटक्के यांना बोलताना नेमका शब्द आठवत नाही आणि त्या जागी ते 'ह'ची बाराखडी लावतात. गाळलेला शब्द ज्याचा त्याने भरावयाचा. ते नाटक सोवळे नव्हते, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण त्यातील गंमत पाहा. नाटककाराने अश्लील शब्द उच्चारलाच नाही. तो प्रेक्षकाच्या मनात होता, म्हणून प्रेक्षक स्वतःलाच हसला. हास्याचा रोख कोणा दुबळ्यावर नव्हता. एक प्राध्यापक प्राध्यापकाचीच, म्हणजे आपल्याच जातकुळीची थट्टा करीत होता.

आपल्या नगरचेच सदाशिव अमरापूरकर. रंगभूमीवरून चित्रपटांत गेले, 'अर्धसत्य' आणि 'सडक' या चित्रपटांतील खलनायकी भूमिकांनी देशभर पोहोचले आणि त्याच नटाने पुढे 'आँखे', 'इश्क' यांसारख्या चित्रपटांत लोकांना पोट धरून हसविले. ज्याला पाहून प्रेक्षक दचकत, त्याने स्वतःच्याच भयंकर प्रतिमेला हास्यास्पद करून दाखविले. नामवंताने विनोदाच्या घरी कसे वागावे, याचा हा उत्तम नमुना आहे. आपल्या मोठेपणाची पगडी आपल्याच हाताने खुंटीला टांगून ठेवावी आणि मग आत यावे.

बंधू-भगिनींनो, पाहुणा वर बसला म्हणून इतके काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. हशा तर झालाच पाहिजे. त्यासाठी कार्यक्रम चालला आहे. पाहुण्यावर फार टोचून बोलता येत नाही, कारण तो चित्रपटाची जाहिरात करावयास आला आहे आणि त्याला दुखविणे कोणाच्याच सोयीचे नसते. मग हशाचा भार कोणी वाहावयाचा? तो खाली घसरत जातो. एखाद्याच्या काळ्या रंगावर, एखाद्याच्या जाड शरीरावर, एखाद्याच्या टकलावर, सुनेच्या स्वयंपाकावर, खेडवळाच्या इंग्रजीवर. हे एकाच कार्यक्रमाचे दूषण नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिंदी-मराठी वाहिन्यांवर जे विनोदी कार्यक्रम आले, त्यांपैकी बहुतेकांना ही वाट सोपी वाटली. काळ्या रंगाच्या नटाने स्वतःवरचे विनोद हसून झेलले, हे त्याचे मोठेपण झाले. पण दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच रंगाच्या मुलीला तोच विनोद ऐकावा लागतो, तेव्हा तिला मानधन मिळत नसते आणि टाळ्याही मिळत नसतात.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित आणि हसित, विहसित आणि उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, मधले दोन मध्यम आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीचे मानले. हास्य आत्मस्थ असते आणि परस्थ असते, हेही त्यांनी नोंदविले. हास्याला शृंगार-वीरांच्या पंक्तीला रस म्हणून बसविणारी ही परंपरा विनोदाची वैरी कशी असेल? समर्थांनी टवाळाला फटकारले म्हणून आपल्याकडे विनोद निषिद्ध आहे, असा समज करून घेणे बरोबर नाही. समर्थांचा रोष टवाळीवर, म्हणजे रिकाम्या कुचेष्टेवर आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहून समाजाच्या खुळ्या रूढींना चिमटे काढले. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाने मध्यमवर्गाला आरसा दाखविला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे त्याच चिमणरावाला दिलीप प्रभावळकरांनी पडद्यावर आणले, तेव्हा घरातील प्रत्येक पुरुषाला तो आपलाच फजितवाडा वाटला. विनायक चासकरांच्या 'गजरा' या कार्यक्रमातील छोटी प्रहसनेही त्याच काळातील. त्यांची साधने तुटपुंजी होती, पण लेखनावर मेहनत होती.

येथे न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. थुकरटवाडीने महाराष्ट्राला काही मोलाचेही दिले. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली मुख्य कार्यक्रमात, मुख्य वेळेत, मानाने ऐकू आली. पुण्या-मुंबईची छापील मराठी म्हणजेच मराठी, या समजाला त्यामुळे धक्का बसला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पोस्टमन. हास्यकल्लोळ चालू असताना खाकी वेषातील पोस्टमन येई. सागर कारंडे तो साकारीत आणि हातातील पत्र वाचून दाखवीत. ती पत्रे बीड जिल्ह्यातून आलेल्या अरविंद जगतापांनी लिहिलेली असत. कधी शेतकऱ्याचे, कधी सैनिकाच्या घरचे, कधी म्हाताऱ्या आई-बापांचे. पाच मिनिटांपूर्वी ज्या घरात हशा होता, त्या घरात शांतता पसरे आणि आजीचा पदर डोळ्यांकडे जाई.

त्या पत्राच्या वेळी पाहुणा कोठे असे? आसन तेच असे. पण त्याच्या आणि घरी बसलेल्या आजीच्या डोळ्यांत एकच पाणी असे. त्या पाच मिनिटांपुरता दरबार मोडलेला असे. करमणुकीच्या बाजारातही विदूषकाचा धर्म पाळता येतो, हे त्या पत्रांनी सिद्ध केले. लोकांना केवळ उथळ तेच हवे असते, असे म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे. साडेनऊ वर्षांतील किती स्किटे आज आपल्याला आठवतात? पण पोस्टमन आठवतो.

आता थुकरटवाडी या नावाविषयी. एखादे नाव ठेवून स्वतःवरच हसणे, ही ग्रामीण माणसाची जुनी खोड आहे आणि त्या मंडळींपैकी अनेक जण लहान गावांतून आलेले असल्याने त्यात दुष्टावा नव्हता. घरच्या माणसाने घराला 'आमची झोपडी' म्हणावे, यात विनय असतो. पण पाहुणा मऊ आसनावरून त्याच झोपडीकडे पाहून हसू लागला, म्हणजे त्याच शब्दाचा अर्थ बदलतो. वर्षानुवर्षे पडद्यावर खेडे म्हणजे बावळट सरपंच, खुळा शिक्षक आणि भांडखोर बायका एवढेच दिसत राहिले, तर शहरात वाढणारी आपली मुले खेड्याविषयी काय मत बनवतील?

या जिल्ह्यातील माणसाला हा प्रश्न विशेष बोचला पाहिजे. कारण खरे खेडे आपल्या समोर आहे. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांनी गावकऱ्यांच्या श्रमातून आणि पाण्याच्या ताळेबंदातून उजाड गाव उभे केले. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी बियाण्यांची बँक उभारली. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत ही दोन्ही नावे होती. श्रीगोंदा तालुक्यातील भाऊराव कऱ्हाडे या तरुणाने 'ख्वाडा' हा मेंढपाळ कुटुंबाचा चित्रपट केला आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला. खेड्याला स्वतःची गोष्ट सांगता येते, स्वतःवर हसताही येते. फक्त हसण्याचा मक्ता त्याने दुसऱ्याला देऊ नये.

पाहुणा खाली उतरला म्हणजे सारे शुभ झाले, असेही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळीला 'एआयबी नॉकआऊट' नावाचा कार्यक्रम झाला. करण जोहर सूत्रधार, रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर पाहुणे. तेथे पाहुणे थट्टेच्या माऱ्यासमोरच बसले होते. परंतु भाषा अशी होती की, कुटुंबात तिचा उच्चारही करता येऊ नये. तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ती चित्रफीत मागे घ्यावी लागली. दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, 'इंडियाज गॉट लेटेंट' या कार्यक्रमात पाहुणा म्हणून आलेल्या रणवीर अलाहाबादिया याने आई-वडिलांविषयी जो किळसवाणा प्रश्न विचारला, त्यावरून महाराष्ट्रात आणि आसामात गुन्हे नोंदले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला अटकेपासून संरक्षण दिले, पण कठोर शब्दांत कानउघाडणीही केली. स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावणे वेगळे आणि आई-बापांची लाज पणाला लावणे वेगळे.

थुकरटवाडीलाही एकदा ठेच लागली. २०२० साली राजर्षी शाहू महाराजांच्या जुन्या छायाचित्रात फेरफार करून ते स्किटमध्ये वापरले गेले, तेव्हा कोल्हापुरापासून सर्वत्र संताप व्यक्त झाला आणि कार्यक्रमाच्या वतीने क्षमा मागण्यात आली. चूक मान्य झाली, विषय मिटला. असे मिटणे हेच निरोगी समाजाचे लक्षण आहे.

मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगतो. प्रत्येक विनोदामागे पोलीस ठाण्याची पायरी चढणे हा उपाय नव्हे. कायद्याने तोंड बंद करता येते, रुची घडविता येत नाही. रुची घडते ती घरात आणि शाळेत. चिडून बंदीची मागणी करणारा आणि काहीही दाखवा, आम्ही पाहू, असे म्हणणारा, हे दोघेही आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतात.

मग आपण काय करावे? मोठ्या ठरावाची आवश्यकता नाही. कार्यक्रम संपल्यावर घरातील मुलांना एकच प्रश्न विचारावा: "आज आपण कोणाला हसलो?" उत्तर 'मंत्र्याला', 'नटाला', 'बाबांच्या विसरभोळेपणाला' असे आले तर निश्चिंत असावे. 'त्या काळ्याला', 'त्या जाडीला', 'त्या गावंढळाला' असे आले तर त्याच क्षणी, न रागावता, दोन शब्द बोलावे. महिनाभर हे करून पाहा. मुले स्वतःच पारख करू लागतील.

दुसरे आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांविषयी. डिसेंबर-जानेवारीत गावोगावच्या शाळांतील स्नेहसंमेलनांत दूरचित्रवाणीवरील स्किटांची जशीच्या तशी नक्कल होते. तेच पात्र, तेच हावभाव, शरीरावरची तीच टिंगल, फक्त करणारा सहावीतला मुलगा. आपल्यापैकी कित्येक जण शिक्षक आहेत, शाळा समित्यांवर आहेत. मुलांना स्वतःच्या गावावर लिहू द्या. वेळेवर न येणारी एसटी, टँकरसमोरची रांग, नळाला पाणी नसताना भाषणात पूर आणणारा पुढारी, भ्रमणध्वनीत मान घालून बसलेले वडील. विषय काय कमी आहेत? आणि प्रमुख पाहुण्यांना मंचावरील खुर्चीत हार घालून बसवून ठेवू नका. त्यांना दोन मिनिटांचे सोंग द्या. जिल्हा परिषदेचा सदस्य टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिला, की त्या हशात मुले जे शिकतील, ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही. जो पाहुणा नाही म्हणेल, त्याला पुढच्या वर्षी बोलावू नये, एवढेच!

तिसरे, पडद्याबाहेरच्या विनोदाला आपण आश्रय द्यावा. आपल्या शहरात 'महाकरंडक' एकांकिका स्पर्धेसाठी राज्यभरातून तरुण येतात. यात्रा-जत्रांत तमाशाचे फड आजही उभे राहतात. तिकीट काढून जावे, सहकुटुंब जाता येईल असा खेळ मागावा आणि तो मिळाला की मोकळेपणाने टाळी वाजवावी. मागणी करणारा सुसंस्कृत प्रेक्षक उभा राहिला, तर फडमालकही त्याला निराश करणार नाही. उद्याचा भाऊ कदम किंवा श्रेया बुगडे आज कोठे तरी अशाच स्पर्धेच्या विंगेत घाबरून उभे असतील.

'चला हवा येऊ द्या' जुलै २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परतला. सोनी मराठीवर २०१८ पासून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली आणि पाहुण्याच्या वलयापेक्षा लेखनाच्या आणि अभिनयाच्या बळावर तिने आपला प्रेक्षक मिळविला. कार्यक्रम येतील, जातील, वाहिन्या बदलतील. पाहुणाही येत राहील, कारण अतिथीला देव मानणारा आपला समाज आहे. आपल्याकडे अतिथी आला की, तो ओसरीवरच्या सतरंजीवर आपल्या मांडीला मांडी लावून बसतो, आपल्या पंगतीत जेवतो आणि चेष्टामस्करीत सामील होतो. थुकरटवाडीच्या पाहुण्याकडूनही आपण एवढीच अपेक्षा करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत टाळी राखून ठेवावी.